न फुललेली कुरिंजी बघायला

२०१८च्या ऑगस्टमध्ये आमची कोचीची विमानाची तिकिटं काढलेली होती. मुन्नारच्या डोंगरांतलं निळ्या फुलांचं झुडूप, नीलकुरिंजी, बारा वर्षांनी फुलणार, म्हणून ताईने वर्षभर आधी तारखा ठरवल्या होत्या. मग केरळात जो पाऊस कोसळला, त्यात १५ ऑगस्टपासून कोचीचा विमानतळच दोन आठवडे बंद राहिला. मुन्नारकडचे रस्ते दरडींखाली गेले. तिकिटाचे पैसे परत आले, फुलं काही आली नाहीत.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली आहे. २०२४च्या डिसेंबरमध्ये तिने सकाळीच फोन केला, "वाचलंस का? कुरिंजी लाल यादीत गेली." आययूसीएन ही संस्था जगभरातल्या प्राण्यांची आणि झाडांची जी लाल यादी ठेवते, तिच्यात नीलकुरिंजीची पहिल्यांदाच रीतसर नोंद झाली होती. वर्ग 'व्हल्नरेबल'. म्हणजे आज डोळ्यांसमोरून नाहीशी होतेय असं नाही, पण वाट त्याच दिशेची आहे.

"आता काय करायचं? २०३०ची वाट बघायची," मी म्हटलं.

"२०३०ला मी बहात्तरची असेन. आणि फुलावर आलेलं झाड ओळखायला अक्कल कसली लागते? जानेवारीत जाऊ."

जानेवारीतच, कारण एरविकुलमचं राष्ट्रीय उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्च हे दोन महिने बंद असतं. तिथल्या डोंगरबकऱ्यांच्या विणीचे ते दिवस. घरात विचारलं, कशाला चाललात? म्हटलं, न फुललेलं झुडूप बघायला. बायकोने फक्त स्वेटर घेतलास ना, एवढंच विचारलं.

दिवस पहिला आणि दुसरा: नेत्रावती, मग घाट

ठाण्याहून नेत्रावती एक्सप्रेस. ताईने धपाटे आणि लसणाची चटणी आणली होती, त्यामुळे रत्नागिरीपर्यंत शास्त्रीय चर्चा झाली नाही. पुढे खिडकीतून डोंगर सुरू झाले तशी ती म्हणाली, "तू कुरिंजी पाहिलेली नाहीस असं नाही. तिची चुलत बहीण रोज बघतोस."

चुलत बहीण म्हणजे आपली कारवी. दोघींची प्रजाती एकच, स्ट्रोबिलँथीस, जाती वेगळ्या. ज्याने सह्याद्रीत एकदा तरी निसरडी वाट चढली असेल, त्याने कारवीच्या दांड्याला धरून जीव वाचवलेला आहे. तिच्या काठ्यांचे कूड करून वर शेणमाती लिंपायची, अशा भिंतींची घरं आमच्या आजोळी मी पाहिली आहेत. कारवीही रोज उठून फुलत नाही. लोक सात वर्षं म्हणतात, पण मुंबई-ठाण्याच्या डोंगरांत २००८, २०१६, २०२४ असा हिशेब लागतो, म्हणजे दर आठव्या वर्षी. फुलली की तिचं आयुष्य संपलं. बी धरायचं, टाकायचं आणि वाळून जायचं. कुरिंजीचं तेच, फक्त मुदत बारा वर्षांची. १८३८पासूनचे तिचे बहर लोकांनी नोंदवून ठेवले आहेत, आणि मुन्नारच्या बाजूला १९८२, १९९४, २००६, २०१८ असा क्रम चुकलेला नाही.

ही एवढी वाट बघायची आणि सगळ्यांनी एकदमच फुलायचं, हे कशासाठी? ताईचं उत्तर तिच्या वर्गातल्यासारखंच होतं. "पंगत बसली की चार माणसं कितीही जेवली तरी अन्न उरतंच ना? तसं." बी खाणारे किडे, पक्षी, उंदीर पोटभर खातात, तरी अब्जावधी बिया शिल्लक राहतात. मधल्या वर्षांत खायला काहीच मिळत नाही, म्हणून खाणाऱ्यांची संख्याही वाढत नाही. युक्ती नामी आहे. खोट एवढीच की उगवण्याची संधी बारा वर्षांत एकदाच येते. त्या एका वर्षी बी पडायला जागा नसली की गोष्ट पुढच्या बारा वर्षांवर गेली असं नाही. त्या उतारावर ती संपलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी एर्णाकुळम. तिथून मुन्नार १३० किलोमीटर. ड्रायव्हर तमिळ बोलणारा तरुण, मुन्नारच्या चहामळ्यात जन्मलेला. त्याची हिंदी आणि आमचं तमिळ सारख्याच पात्रतेचं. नेरियमंगलमच्या कमानींच्या पुलावरून पेरियार ओलांडली आणि घाट लागला. पुढचं काही दिसलं नाही, अंधार पडला होता.

हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या उशाशी निळ्याजांभळ्या डोंगराचा भला मोठा फोटो होता आणि खोलीच्या नावातच कुरिंजी होती. "खिडकीतून हेच दिसतं का?" असं मी स्वागतकक्षात विचारलं. "सीझनमध्ये दिसतं सर," असं उत्तर मिळालं. सीझन पाच वर्षांनी आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. सकाळी पडदा सरकवला तर समोर पाण्याची टाकी होती.

दिवस तिसरा: एरविकुलम

एरविकुलममध्ये खासगी गाडी सोडत नाहीत. खाली तिकीट काढायचं आणि वनखात्याच्या बसने राजमलैपर्यंत जायचं. पर्यटकांना तेवढाच तुकडा मोकळा आहे. उद्यान एकूण ९७ चौरस किलोमीटरचं. बस चहाच्या मळ्यांतून वर चढते, आणि एका वळणावर चहा एकदम थांबतो. सुरीने कापल्यासारखी रेघ. खाली हिरवी गालिचेदार शेती, वर पिवळट गवत आणि उघडा कातळ.

हे गवत का राहिलं त्याची गंमत आहे. मळेवाल्या साहेबांना शिकारीसाठी राखीव जागा हवी होती. म्हणून या पठाराला चहा लागला नाही, आणि राखणीला त्यांनी मुदुवान आदिवासी ठेवले. १९७१मध्ये केरळ सरकारने कायदा करून मळ्यांची जादा जमीन परत घेतली, १९७५ला हे अभयारण्य झालं, १९७८ला राष्ट्रीय उद्यान. म्हणजे बंदुकीच्या हौसेपायी गवत वाचलं आणि गवताबरोबर कुरिंजी. साहेबांचे आभार मानायला जीभ रेटत नाही, पण हिशेबात हे येतंच.

वाटेवर मोजून पन्नास पावलं गेलो असू, ताई थांबली. "ही बघ."

मला काही दिसेना. गवत, दगड, आणि गुडघ्याएवढी गर्द हिरवी झुडपं, एकमेकांना खेटून. पान हातात न घेता वाकून पाहिलं. कडा दातेरी, शिरा इतक्या ठसठशीत की पान इस्त्री करायचं राहून गेल्यासारखं. एकदा नजर बसली आणि मग डोंगर बदलला. उताराच्या उतार तिनेच व्यापलेला होता. मघापासून ज्याला मी 'रान' म्हणत होतो, ते सगळं हेच होतं.

"वय सांग," ताईने विचारलं. २०१८ला फुलली, बी पडलं, पुढच्या पावसात रुजलं. साडेपाच वर्षं. तिथली सगळी रोपं एकाच वयाची. शाळेच्या एका तुकडीसारखी. वाऱ्यावर उघड्या गवतात ही एक-दोन फुटांवर अडते, आडोसा आणि ओल मिळाली तर पुरुषभर आणि त्याहूनही वर जाते. पळियान आदिवासी आपलं वय कुरिंजीच्या बहरांवर मोजायचे असं सांगतात. ताई १९५८ची, म्हणजे बहराच्याच वर्षीची. "साडेपाच कुरिंजी झाल्या माझ्या," ती म्हणाली आणि स्वतःवरच खूश झाली.

आमच्या मागून येणारा एक घोळका विचारत होता, "फ्लॉवर कहाँ है?" रखवालदाराने "टू थाउजंड थर्टी" म्हटल्यावर ते बकऱ्यांकडे वळले. त्यांना नावं कशाला ठेवू? २०१८ला मीही फ्लॉवरच बघायला निघालो होतो.

बकरे मात्र खरोखर बघण्यासारखे. निलगिरी ताहर, तमिळमध्ये वरयाडू, कड्यावरचा बकरा. एक मादी पिलासह वाटेच्या कठड्याजवळ इतकी शांत चरत होती, की ताईच्या पिशवीचा बंद तिच्या शिंगाला लागेल असं वाटलं. समोर आनमुडी, २६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर. डोक्यावर ढगाची टोपी काही काढली नाही तिने.

तिथल्या बाकावर बसून ताईने मला लाल यादीचा हिशेब समजावला. मला वाटत होतं झाडं कमी उरली की धोका. तसं नाही. संख्या हा एक निकष. घसरण हा वेगळा. कुरिंजीची रोपं आजही अगणित आहेत. नोंदीत तिच्या ३४ उपवस्त्या धरल्या आहेत, ३३ पश्चिम घाटात, सगळ्यात जास्त निलगिरीत, मग मुन्नार, पळणी-कोडाइकनाल, आनमलै. आणि एकच पूर्व घाटात, सेलमजवळच्या येरकाडला. उंची सुमारे १३४० ते २६०० मीटर. तिला वर्ग मिळाला तो घसरणीवर. तीन पिढ्यांच्या काळात ३० टक्क्यांहून जास्त घट झाली की 'व्हल्नरेबल', ५० टक्के ओलांडले की पुढची पायरी. माणसाच्या तीन पिढ्या नव्हे, झाडाच्या. पिढी बारा वर्षांची धरली तर छत्तीस वर्षं.

"म्हणजे १९८८पासून," मी बोटं मोजली.

"तेव्हा तू कॉलेजात होतास. तेवढ्यात तिच्या जागेपैकी चाळीसेक टक्के गेली असं ते म्हणतात."

कुठे गेली ते उद्या दिसणार होतं.

दिवस चौथा: टॉप स्टेशन, पांबाडुम, वट्टवडा

सकाळी सातला निघालो. माट्टुपेट्टीचं धरण, कुंडळ, येल्लप्पट्टी. टॉप स्टेशन हे नाव ऐकून मला रेल्वे स्टेशन शोधावंसं वाटलं, आणि ते अगदीच वेडेपणाचं नव्हतं. मुन्नारहून इथवर चहाच्या पेट्या आणणारी छोटी रेल्वे होती; इथून दोरखंडाच्या पाळण्यांनी माल खाली तमिळनाडूत उतरायचा. वरचं टोक म्हणून टॉप स्टेशन. १९२४च्या महापुरात ती रेल्वे वाहून गेली आणि पुन्हा बांधलीच नाही. रूळ गेले, नाव राहिलं.

इथे धारेवर कुरिंजी आहे, पण एरविकुलमसारखी सलग नाही. चहाच्या टपऱ्यांमागे, पायवाटेच्या कडेला, मध्येच वेफर्सच्या पिशव्यांत अडकलेली. बहराच्या वर्षी इथे मुंगीला शिरायला जागा नव्हती, टपरीवाला सांगत होता. लोक काय करतात? फांद्या मोडून केसांत खोवतात, मुळासकट उपटून गाडीत टाकतात. उपटून नेलेली जगत नाही आणि जगली तरी फुलून मरणारच आहे, पण हे सांगणार कोणाला. २०२२ला शान्तनपाऱ्याजवळ कळ्ळिप्पाराच्या टेकडीवर (तिथली पाळी मुन्नारपेक्षा वेगळ्या वर्षांची) बहर आला तेव्हाही हेच झालं होतं. त्यानंतर केंद्राने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नीलकुरिंजी घातली. उपटली किंवा नासधूस केली तर २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. घरी लावायलाही बंदी. टपरीच्या मागे तसा फलक होता. त्याच्यावर कुणीतरी बदाम कोरून दोन नावं लिहिली होती.

बदाम तिथे अगदीच परका नाही म्हणा. जुन्या तमिळ संगम काव्यात भूमीचे पाच प्रकार मानतात, त्यात डोंगराळ मुलखाचं नावच कुरिंजी, आणि त्या मुलखाचा विषय प्रियकर-प्रेयसीचं मीलन. दैवत मुरुगन. कोडाइकनालला मुरुगनाचं कुरिंजी आंडवर नावाचं देऊळ आहे. ड्रायव्हरने हे सगळं मोठ्या अभिमानाने सांगितलं आणि शेवटी, आपण स्वतः कुरिंजी २००६ला वडिलांच्या खांद्यावरून पाहिली आणि २०१८ला दरडी उपसताना, असं सहज जोडून दिलं.

पुढे पांबाडुम शोला, केरळातलं सगळ्यात लहान राष्ट्रीय उद्यान. पुरतं दीड चौरस किलोमीटरही नाही. रस्ता शोल्यातून जातो. शोला म्हणजे डोंगराच्या घड्यांत, ओढ्याच्या कुशीत दाटलेलं बुटकं जंगल. झाडं वाकडीतिकडी, खोडांवर शेवाळाचे आणि आमरींचे थर. घडीत जंगल आणि उघड्या पाठीवर गवत, अशी या मुलखाची ठेवण आहे. कुरिंजीला पाठ लागते, घडी नाही. नकाशे करणाऱ्यांना मात्र झाड नसलेली जागा म्हणजे पडीक वाटली.

आणि पडीक जागेवर झाडं लावायची असतात. शोला संपतो न संपतो तोच नीलगिरीच्या रांगा सुरू झाल्या. ऑस्ट्रेलियाहून आणलेलं हे झाड चहाच्या कारखान्यांना जळणासाठी लागायचं. नंतर कागदाच्या लगद्यासाठी सरकारी लागवडी झाल्या. वॅटल तिकडूनच आलं, कातडी कमावायला लागणाऱ्या सालीसाठी. ज्या झाडाचं नाव आपण निलगिरीवरून ठेवलं, त्यानेच निलगिरीच्या निळ्या फुलाची जागा खाल्ली. ताईला मी हे बोलून दाखवलं तर तिने "लिहिशील तेव्हा फार ताणू नकोस" असं बजावलं. बरं.

आम्ही एका नीलगिरीच्या राईत उतरलो. खाली काहीच नव्हतं. वाळक्या पानांचा थर, तेलकट वास, आणि तुरळक नेचे. सावलीत गवत नाही, गवत नाही तिथे कुरिंजी नाही. पलीकडे वॅटलचा पट्टा होता, तो आणखी चिवट. नीलगिरी तोडता तरी येते. वॅटल तोडलं तर बुंध्याला धुमारे. जाळलं तर जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहिलेलं बी आगीनेच जागं होतं आणि केसांसारखी रोपं उठतात. आनमुडी शोला उद्यानातल्या पळत्तोट्टम भागात वनखात्याने वट्टवड्याच्या गावकऱ्यांना हाताशी धरून वॅटल मुळापासून काढून त्या जागी तिथलंच गवत लावलं आहे. एकेक ठोंब हाताने. जंगलखात्याने झाडं काढून गवत लावायचं, हे ऐकायलाच विचित्र वाटतं; खात्यातल्या जुन्या लोकांना तर उलट शपथ घातल्यासारखं वाटलं असेल.

वट्टवडा गाव लागलं दुपारी. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेला, लसूण, गाजर, कोबी, बटाटा. इथल्या लसणाला जीआय मानांकन आहे. याच गावाच्या आणि शेजारच्या कोट्टकांबूरच्या हद्दीत २००६ला, बहराच्या वर्षी, कुरिंजीमल अभयारण्य जाहीर झालं, ३२ चौरस किलोमीटरचं. टपाल खात्याने कुरिंजीचं तिकीट काढलं तेही त्याच वर्षी. एका झुडपासाठी अभयारण्य! त्याआधी दीड-दोन दशकं केरळातली काही मंडळी कोडाइकनाल ते मुन्नार पायी फिरून हीच मागणी करत होती.

पण जाहीर होणं आणि होणं यात वर्षं गेली. त्या रेघेच्या आत कोणाकोणाच्या जमिनी येतात, पट्टे खरे कुणाचे आणि खोटे कुणाचे, यावर वाद पेटला. आम्ही ज्या घरी जेवलो त्या बाईंना ड्रायव्हरच्या मार्फत विचारलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आमच्या आज्यापणज्यांपासूनची शेती आहे. आमच्याच बांधावर नीलगिरी लावणारे बाहेरचे होते, त्यांना कोण विचारतं? आणि कुरिंजी? "ती आमच्या आधीपासून आहे," त्या म्हणाल्या आणि ताईच्या पानात आणखी भात वाढला. ताई तिथे वाद घालेल अशी मला धास्ती होती, पण ती निमूट जेवली. परतताना गाडीत म्हणाली, "रेघ ओढणं सोपं. त्या बाईंना रेघेच्या आत जगता यायला हवं." मग बराच वेळ बोलली नाही. मला स्वतःला बाईंचं सगळं पटलं नाही. पायऱ्यांची शेती वर सरकते आहे हे डोळ्यांना दिसत होतं. पण ज्याच्या घरी जेवलो त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशीच मांडायला बसणं जड जातं.

दिवस पाचवा

मुन्नारच्या बाजारात 'कुरिंजी हनी'. ताईने बाटली उलटी करून तारीख बघितली आणि दुकानदाराला विचारलं, "कुठल्या बहराचा?" तो हसला. पुढे ताईच बाहेर येऊन म्हणाली, अगदी खोटंच असेल असं नाही, या डोंगरांत कुरिंजीच्या इतर जाती आहेत आणि त्यांच्या पाळ्या वेगळ्या. मध विकत घेतला नाही. लसूण दोन किलो घेतला. रात्री एर्णाकुळम, तिथून परतीची गाडी. डब्यात त्या लसणाचा असा वास सुटला की समोरच्या काकांनी दोन गड्डे मागूनच घेतले.

पुढे, मार्चमध्ये

ताईचा फोन. "येऊरला येतोस? उन्हं तापायच्या आत."

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात गेल्या पावसाळ्यात कारवी फुलली होती. आता सगळी वाळलेली. करड्या काड्यांचं रान, टोकांना बियांची तपकिरी बोंडं. पायाखाली पाचोळा वाजत होता. वरच्या टप्प्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते, ऊन कातळावर आलं होतं. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर ताईने हात वर करून मला गप्प केलं.

तट्.

मग उजवीकडे, खाली कुठेतरी, तट् तट्. काहीतरी बारीक माझ्या बाहीवर आपटून पाचोळ्यात पडलं. ताई वाकून ते शोधत होती.